आई कुठं होती, हे विचारणं बंद करा

मे महिन्यातली दुपार, मानेवाड्याकडचं आमचं घर, बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर. कूलर बेडरूमच्या खिडकीत. नागपुरात ज्यांचे उन्हाळे कूलरवर गेले त्यांना माहीतच आहे की खोली बंद करून कूलर चालत नाही, दमट होतं, अंग चिकचिक करतं, हवेला बाहेर जायला वाट लागते, म्हणून खोलीचं दार अर्धं उघडं ठेवायचं. तसंच ते ठेवलेलं होतं. माझी पुतणी, सव्वादोन वर्षांची, उंबरठ्यात बसून दार आणि चौकटीच्या मधल्या फटीत कपड्याचा चिमटा घालत होती, काढत होती. वहिनी तिच्यापासून चार हातांवर, कपड्यांच्या घड्या करत. मी जेवायला घरी आलो, हॉलचं मेन दार उघडलं, आणि कूलरच्या वाऱ्याला एकदम सरळ रस्ता मिळाला. बेडरूमचं दार आपटलं.

उजव्या हाताचं मधलं बोट. नख मुळातून उखडून वर आलेलं, टोक चेंदलेलं, आणि रक्त इतकं की नेमकं कुठून येतंय तेच कळेना.

त्या दिवशी आणि नंतरचे पंधरा दिवस जो भेटला त्यानं एकच प्रश्न विचारला. दवाखान्याच्या काउंटरवर, ड्रेसिंगच्या खोलीत, रात्री फोनवर आत्यानं, सकाळी समोरच्या काकूंनी. "आई कुठं होती?" दार मी उघडलं होतं. मला एकानंही विचारलं नाही की तू काहून उघडलं, आणि विचारलं असतं तरी उत्तर काय होतं, माणूस घरी येतो तर दार उघडतोच. पण वहिनीनं तो प्रश्न इतक्यांदा ऐकला की तिला तो खराच वाटायला लागला. घरात कुठलंही दार वाजलं की ती दचकून हातातलं काम टाकून पोरीकडे धावते, अजूनही.

म्हणून हे लिहून राहिलो. लहान मुलांच्या हाताला होणाऱ्या दुखापतींमध्ये बोटाच्या टोकाची दुखापत सगळ्यात जास्त दिसणाऱ्यांपैकी आहे, आणि तिचं सगळ्यात नेहमीचं कारण दार आहे, तेही बहुतेक वेळा स्वतःच्याच घरातलं. जगभरातले डॉक्टर हेच सांगतात. एक ते पाच वर्षांची मुलं यात जास्त. आणि तरी आपण याला अजून "लक्ष नव्हतं" या खात्यात टाकतो. माझं म्हणणं सरळ आहे, हा लक्षाचा प्रश्न नाही, दाराचा आहे, आणि दार दुरुस्त करता येतं.

अडकित्ता आठवा. सुपारी आपण टोकाला धरत नाही, जोडाच्या जितकी जवळ सरकवू तितकी ती कमी जोरात फुटते. दार म्हणजे तोच अडकित्ता, फक्त तीन फुटांचा. ज्याला आपल्याकडचे सुतार कब्जा म्हणतात ती बिजागरी म्हणजे त्याचा जोड, आणि फटीतलं बोट त्या जोडापासून इंचभर अंतरावर असतं. तीन फूट म्हणजे छत्तीस इंच, म्हणजे मुठीच्या बाजूला दोन किलोचा धक्का बसला तर बोटावर सत्तर किलोच्या आसपास जोर येतो. एक मोठा माणूस पोट्ट्याच्या नखावर उभा राहिल्यासारखं. दोन किलोचा धक्का म्हणजे काय, कूलरचा वारा, मोठ्या भावाची मस्ती, मे-जूनमधलं एखादं वादळ. आणि जो दार लावतो त्याची नजर मुठीवर असते, कडीवर असते, फटीच्या बाजूला कोण बसलंय हे त्याला दिसतच नाही, मध्ये दाराचा पल्लाच असतो. मग लक्ष ठेवायचं म्हणजे कुणी, कुठून?

आपल्या नागपूरच्या महाल, इतवारी या भागांतल्या जुन्या घरांची दारं बघा. दोन पल्ल्यांची, एकेक पल्ला दीड फुटाचा, म्हणजे अडकित्ताच अर्धा झाला. आणि पल्ला मागे नेला की भिंतीतल्या हुकात अडकवायची सोय, वाऱ्यानं तो हलायचा नाही. ते बोटांसाठी केलं असेल असं मी म्हणत नाही, पण ते होतं. आता फ्लॅटमध्ये एकच रुंद फ्लश डोअर, जड, गुळगुळीत फिरणारं, आणि अडवायला कुणी लोहचुंबकाचा कॅचर लावतं, कुणी वीट ठेवतं, बरेच जण काहीच नाही.

बोटाचं टोक म्हणजे काय हेही समजून घ्यायला हवं, कारण "नख आहे, येईल परत" हे वाक्य मी आजवर पन्नासदा ऐकलंय. नखाच्या खाली नाजूक गादी असते, नख त्या गादीला धरून पुढे सरकतं. ती फाटली आणि वाकडी जुळली तर नखही आयुष्यभर वाकडं, चिरलेलं, नाहीतर उचललेलं येतं. गादीच्या खाली लगेच हाड, मध्ये मांस जवळजवळ नाहीच, म्हणून नख चेंदलं तर हाडाचं टोक तुटणं नेहमीचं. आणि मुलांच्या हाडात वाढीची पट्टी असते, शेवटच्या पेरात ती नखाच्या मुळाच्या अगदी जवळ. तिथून हाड मोडलं आणि नखाची गादीही फाटली तर त्याला सेमूर फ्रॅक्चर म्हणतात, १९६६ साली हे नीट मांडणाऱ्या डॉक्टरच्या नावावरून. वरून ते "नखाला लागलंय" इतकंच दिसतं. एक्स-रे काढला नाही तर सुटून जातं, आणि सुटलं तर हाडात इन्फेक्शन, वाढ थांबणं, बोट टोकाला वाकडं राहणं असं पुढे निघतं. म्हणून नख मुळाशी उखडलं असेल तर एक्स-रे काढायला सांगा, लाजू नका. आणि बोटाचं टोक म्हणजे नुसतं नख-हाड नाही, जगातली वस्तू आपण हात लावून ज्या जागेनं ओळखतो ती ही जागा आहे. दोन-तीन मिलिमीटरवर ठेवलेल्या दोन टाचण्या वेगवेगळ्या आहेत हे बोटाचं टोक सांगू शकतं, पाठीला दोन सेंटिमीटरवरच्याही धड कळत नाहीत. पेन्सिल, शर्टाचं बटण, तबला, सुईत दोरा, सगळं तिथून.

आता एक चांगली गोष्ट, आणि ती सांगणं भाग आहे कारण घाबरलेल्या आईबापाला ती कुणी सांगत नाही. लहान मुलांच्या बोटाचं टोक भरून येतं, आणि नवल वाटेल इतकं येतं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर सिंथिया इलिंगवर्थ यांनी १९७४ साली दाखवून दिलं की शेवटच्या सांध्याच्या पुढे तुटलेलं मुलांचं बोट कातडं ओढून शिवून न टाकता नुसतं स्वच्छ ड्रेसिंगमध्ये ठेवलं तर टोक परत घडतं, बऱ्याचदा नखासकट. त्यामुळे डॉक्टर "वाट बघू" म्हणाले तर ते टाळून राहिले असं समजू नका. पण हेच ऐकून "बघा, येतंच की" म्हणणारेही आहेत, त्यांना सांगतो, येतं तोवर काय काय होतं ते बघा.

आमच्याकडे काय झालं सांगतो. पोरगी रडून राहिली म्हणून गाडीत मीच तिला चॉकलेट दिलं, बिस्किट दिलं. दवाखान्यात कळलं की गादी शिवायला भूल द्यावी लागेल आणि पोटात खाणं असलं की भूल देता येत नाही, सहा तास थांबा. सहा तास. मधल्या वेळात बोट बधिर करून धुतलं, बांधलं, पण रात्री दहाला ऑपरेशन झालं ते माझ्या एका बिस्किटामुळे. हे कुठंच लिहिलेलं नसतं, म्हणून इथं लिहितो, बोट चेंदलं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत मुलाला काही खाऊ घालू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

नंतर ड्रेसिंग. दर दोन-तीन दिवसांनी. चिकटलेली पट्टी ओली करून सोडवायची, ती किंचाळणार, दादा हात धरणार आणि तोंड दुसरीकडे करणार. दादाची नोकरी आहे, सुट्टी मिळाली. पण त्याच ओळीत बसलेले लोक मी पाहिले, रोजंदारीवरचे, बाई घरकाम करणारी, एक ड्रेसिंग म्हणजे एक दिवसाची मजुरी. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत तर भंडारा, गोंदिया, गडचिरोली, पार तिकडे छिंदवाडा-बालाघाटहून माणसं येतात, त्यांचं जाण्या-येण्याचं भाडं धरा, घरी ठेवलेल्या दुसऱ्या लेकराचं धरा. हा खर्च कुठल्याही खात्यात दिसत नाही. देशात अपघाताची सरकारी मोजणी एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, करतं ती मृत्यूंची. बोटानं कुणी मरत नाही, म्हणून बोट त्या पुस्तकात येत नाही, आणि जे पुस्तकात येत नाही त्यावर मीटिंग होत नाही, पैसा मंजूर होत नाही.

उपचारावर मात्र किती बारीक विचार होतो बघा. गादी शिवल्यावर उखडलेलं नख परत वर ठेवायचं की टाकून द्यायचं, एवढ्या एका प्रश्नासाठी ब्रिटनमध्ये ४५१ मुलांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला, निकाल असा की इन्फेक्शनमध्येही फरक नाही आणि नख दिसण्यातही नाही. हे काम चांगलंच आहे, त्यानं मुलांचा त्रास वाचतो. माझं म्हणणं इतकंच की त्याच्या दहाव्या हिश्शाचा विचार आपण दारावर केला तर ऑपरेशनच्या टेबलापर्यंत यायची वेळच कमी लेकरांवर येईल.

आणि हे होऊ शकतं याचा दाखला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारास उन्हाळा आला की मुलं उंच इमारतींच्या खिडक्यांतून पडायची, कारण तेच आपलं, उकाडा, खिडक्या उघड्या. तिथंही आधी आयांनाच बोल लागले असतील. मग शहराच्या आरोग्य खात्यानं "मुलांना उडता येत नाही" अशा नावाची मोहीम काढली, आणि नुसती पत्रकं वाटून थांबले नाहीत, गरीब वस्त्यांमध्ये खिडक्यांच्या जाळ्या फुकट दिल्या. पडणं झपाट्यानं कमी झालं. १९७६ मध्ये कायदाच आला की लहान मूल राहत असेल तर घरमालकानं जाळी लावून द्यायची. आया त्याच होत्या. खिडकी बदलली.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही, ते फक्त दारापाशी येऊन थांबतात. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा आहे. त्या खेळण्यांच्या मानकात बिजागरीसाठी खास कलम आहे, बिजागरीच्या फटीत ५ मिलिमीटरची सळई जात असेल तर १२ मिलिमीटरचीही गेली पाहिजे, म्हणजे फट एकतर इतकी लहान हवी की बोट जाऊच नये, नाहीतर इतकी मोठी की बोट अडकूच नये. म्हणजे खेळण्यातल्या घराच्या दारात पोरीचं बोट चेंदू नये याची काळजी या देशानं कायद्यानं घेतलीय. ते खेळणं ज्या खोलीत ठेवलंय त्या खोलीच्या दारासाठी मात्र "आई कुठं होती?" बिल्डिंग मंजूर करताना जिन्याची रुंदी बघतात, गच्चीच्या कठड्याची उंची बघतात, त्या यादीत बिजागरीच्या फटीवरची पट्टी आली तर बिल्डरचं काय जातं? लाखांच्या फ्लॅटमध्ये एका दाराला काही शे रुपये.

दारं सोडून बाकीचं थोडक्यात. आपल्या लोखंडी कूलरच्या पंख्यासमोरची जाळी नीट बघा, कितीतरी ठिकाणी मोठ्या माणसाची तर्जनी आरामात जाते, लेकराचा अख्खा पंजा जातो. विजेचं सामान तपासताना इंजिनियर लोक खोटं बोट आत घालून बघतात की ते फिरत्या भागाला लागतं का, लहान मुलांच्या मापाचं खोटं बोटही वेगळं असतं. गल्लीत कूलर बनवून देणाऱ्या भावांकडे ते नसेल, पण त्यांची स्वतःची करंगळी आहे, ती जात असेल तर जाळी बारीक लावा इतकं गिऱ्हाईक म्हणून आपण सांगू शकतो. सायकलची चेन, घराशेजारच्या रसवंतीचं चरक, गावाकडे कडबा कुट्टी, दुकानाचं शटर, व्हॅनचं सरकतं दार, हे सगळं आहेच. स्कूल बससाठी महाराष्ट्रात २०११ चे नियम आहेत, त्यात गाडीत मदतनीस पाहिजे, मग दार त्यानंच लावायचं, मुलांनी नाही, आणि लावण्याआधी "हात वर" म्हणायचं. एवढीच सवय. आणि मांजाचं बघा. नायलॉन मांज्यावर २०१७ मध्ये हरित लवादानं बंदी घातली, दर संक्रांतीला नागपुरात त्यावर बातम्या येतात, धाडी पडतात, आणि ते झालंच पाहिजे, गळे कापले गेलेत त्यानं. पण त्यावरून इतकं तरी कळतं की हे शहर ठरवलं तर एखाद्या वस्तूला जबाबदार धरू शकतं, पतंग उडवणाऱ्या पोराच्या आईला नाही.

करायचं काय, तर घरात आज रात्रीच एक गोष्ट होते, तिला पैसा लागत नाही. जाड टॉवेल दाराच्या वरच्या कडेवर टाकून ठेवा, बिजागरीच्या बाजूला सरकवून. दार पूर्ण बंदच होत नाही, वारा येवो की भाऊ येवो. फोमचा घोड्याच्या नालासारखा तुकडा मिळतो, तोही दाराच्या कडेला वरती, मुलाचा हात पोचणार नाही असा बसतो, भाड्याचं घर असेल तर भोक पाडायची कटकट नाही. आणि बिजागरीच्या फटीसाठी प्लास्टिकची लांब पट्टी येते, दार उघडलं की पसरते, मिटलं की दुमडते, फट झाकलेलीच. ऑनलाइन मिळते. पट्टी दोन्ही बाजूंना लागते हे लक्षात ठेवा, आणि खालपासून निदान चार फुटांपर्यंत पाहिजे.

तरी झालंच तर हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट, चुना यातलं काही नाही. नळाचं वाहतं पाणी, स्वच्छ कापड, दाबून धरा, हात वर. बोटात अंगठी, मनगटात काळा दोरा नाहीतर कडं असेल तर सूज यायच्या आधी काढा. लोंबणारं नख ओढून काढू नका. तुकडा तुटून पडला असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात, तुकड्याला थेट बर्फ लावायचा नाही. लसीचं कार्ड सोबत घ्या, धनुर्वाताचं विचारतातच.

मला एक जण म्हणाले की अशानं मुलं नाजूक होतात, थोडं लागल्याशिवाय शिकत नाहीत. झाडावरून उतरताना खरचटलं, सायकलवरून पडला, त्यातून शिकतात, मान्य, आणि तेवढं लागू द्यावंच. पण सव्वादोन वर्षांच्या लेकराला वारा, दार आणि बिजागरी यांचा संबंध जोडता येत नाही, मला छत्तिसाव्या वर्षी आला नाही. फुटलेल्या नखातून ती काय शिकली म्हणाल तर पांढऱ्या कोटातल्या माणसाला बघून पळायला शिकली.

घरांपेक्षाही मला अंगणवाड्या आणि नर्सरींची जास्त काळजी वाटते, कारण तिथं एका दाराशी वीस पोरं असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झालं होतं. त्याची पथकं अंगणवाडीत येतात, पोरांचं वजन-उंची, दात, डोळे, कान बघतात. त्याच फेरीत दारं बघायला पाच मिनिटं लागतील. फॉर्ममध्ये एक ओळ वाढवा, बिजागरीला पट्टी आहे की नाही. नसेल तर महापालिकेनं लावून द्यावी, सेविकेच्या डोक्यावर ते टाकू नये, तिच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे.

आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मी आणि दादा गेलो होतो. सेविकाताईंनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "भाऊ, हे कोणत्या खर्चात दाखवू?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. वहिनी म्हणाली, दाखवू नका, आम्ही आणतो. पट्ट्या आणल्या, स्क्रू लोहाओळीतून आणले, आणि मागच्या शनिवारी तिनंच टेप धरून मापं घेतली, मी ड्रिल धरलं. पुतणी सोबत होती, नखावर मधोमध एक बारीक रेघ राहिलीय, बाकी बोट ठीक आहे. चार दारं आहेत, तीन झाली. संडासाच्या दाराला पट्टी कमी पडली, ती या शनिवारी लावायची आहे.